दिवाळीचं एक पान आणि कडेचा हात

भाऊबीजेला ओवाळणी भावानं घालायची असते, बहिणीनं नाही, हे मला कळतं. पण माझा भाऊ पुण्याला असतो, त्यानं नुकतीच चाळिशी ओलांडली आणि त्याच्या घरात आमच्या लहानपणाचा एकही फोटो नाही. दसऱ्याला सोनं द्यायला इथं कोल्हापुरातच शुक्रवार पेठेत माहेरी गेले होते, तेव्हा मनात आलं की यंदा त्याला आपल्या दिवाळीच्या फोटोचं एक छान पान करून द्यावं. स्क्रॅपबुकचं पान. अख्खी वही करायला ना सुट्टी होती ना धीर. एकच पान, बारा इंच बाय बारा इंच, फ्रेम करून.

फोटो कुठला घ्यायचा यावर फार विचार करावा लागला नाही, कारण निवडायला फोटो उरलेतच कुठं? पंचगंगेजवळ राहणाऱ्यांना पावसाळ्यात एक सवय असते. सकाळी उठलं की देवाआधी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायची. एकोणचाळीस फुटाला इशारा, त्रेचाळीसला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं आणि आमच्या खालच्या सोप्यात खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं. माणसं वेळेत बाहेर पडली. अल्बम मात्र भिंतीतल्या फडताळाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होते.

ते अल्बमही कसले, तर चिकट पानांचे. पानावर गोंदाच्या रेघा, त्यावर फोटो ठेवायचा आणि वरून पारदर्शक कागद दाबून बसवायचा. ऐंशीच्या दशकात प्रत्येक घरात होते ते. फोटोचं वाटोळं करायला इतकी सोयीची वस्तू दुसरी नाही हे आता कळतं. पूर नसला तरी तो गोंद हळूहळू फोटोला खातो, आणि पाणी शिरलं की वरचा कागद फोटोला असा चिकटतो की तो सोलताना चित्रच सोलून निघतं. पाणी उतरल्यावर आईनं तो लगदा टबात स्वच्छ पाण्यात ठेवला, एकेक फोटो पाण्यातच सोडवला आणि माडीवर जुन्या लुगड्यावर पालथे न घालता, चेहरे वर करून, सावलीत वाळवले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ‘कुरडया वाळवतो तसंच की,’ म्हणाली. दोनशेच्या वर फोटो होते, अकरा वाचले. त्या अकरांत दिवाळीचा हा एक.

साडेतीन बाय पाच इंचांचा, आडवा. 1986 ची नरक चतुर्दशी. वर्ष खात्रीचं, कारण भाऊ आजीच्या कडेवर आहे आणि त्याचे कान नुकतेच टोचलेले दिसतात. वाड्याच्या चौकात आम्ही सगळे उभे. मागे गेरूनं रंगवलेली भिंत, दारावर झेंडूचं तोरण, पुढं मुलांनी केलेला किल्ला, त्यावर उगवलेले हळीव, आणि कुंभार गल्लीतून आणलेले मावळे, त्यातला एक मोडका. आई पोपटी साडीत उजव्या टोकाला. माझ्या कपाळावर ओलं कुंकू ओघळलंय आणि मी डोळे मिटलेत. असे आठ जण. आणि नववा एक हात. उजव्या कडेतून नुसता हात आत आलाय, मनगटापासून पुढचा. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. आई आणि तो हात यांच्या मधोमध करंज्या-चकल्यांची ताटली.

फोटोत खालच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा डाग आहे. तिथलं चित्र अल्बमच्या कागदाबरोबर गेलं.

पहिलं काम फोटोची प्रत काढण्याचं. मूळ फोटो पानावर चिकटवायचा नाही, एवढं मी ठरवूनच टाकलं होतं. एकदा त्याचा गोंदानं घात केला होता, मी पुन्हा कशाला करू? ओळखीच्या स्टुडिओत गेले. तिथल्या पोरानं फोटो स्कॅनरवर ठेवला. मी म्हटलं, सहाशे डीपीआयवर घे, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके. साडेतीन बाय पाचचा फोटो सहाशेवर घेतला की तीनशेच्या दर्जानं छापताना तो आरामात दुप्पट मोठा होतो, आणि मला पाच बाय सातच हवा होता. त्यानं माझ्याकडं जरा आदरानं पाहिलं. तो आदर दोन मिनिटं टिकला.

‘ताई, हा हात काढून टाकू? एका मिनिटाचं काम.’

‘नको.’

‘डिस्टर्ब करतोय ओ. आणि तुमचे डोळे उघडून देऊ?’

माझे डोळे त्या दिवशी उटण्यानं चुरचुरत होते. ते मिटलेलेच राहू देत म्हटलं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी खटपट करून स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या गावातला हा पोरगा माणसं पुसायला केवढ्या उत्साहानं बसला होता! त्याचा दोष नाही म्हणा. लोकच तसं मागत असणार.

रंगांचं मात्र त्याच्याकडूनच करून घेतलं. त्या काळचे रंगीत फोटो लालसर होत जातात, कारण फोटोतले तीन रंग सारख्या वेगानं उडत नाहीत. निळसर रंग आधी फिका पडतो आणि उरतो तो तांबडेपणा. त्यानं बटण दाबून ‘ऑटो’ केलं तर गेरूची भिंत राखाडी-निळी झाली, जणू आम्ही हॉस्पिटलच्या आवारात दिवाळी करतोय. मग मीच सुचवलं की फोटोतली पायरी बघ, ती काळ्या दगडाची आहे, म्हणजे ती राखाडीच दिसली पाहिजे. त्यानं पायरीवर टिचकी मारून तिला राखाडी केलं आणि बाकीचे रंग आपोआप जागेवर आले. आईची साडी पोपटी झाली. खूप वर्षांनी झाली. मी थोडा वेळ काही बोलले नाही. तो ‘अजून ब्राइट करू?’ म्हणत होता.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली, आणि पुढचा सगळा घोळ तिच्यापासून सुरू झाला. साडेतीन बाय पाचचं माप पाच बाय सातमध्ये बरोब्बर बसत नाही. उंची पाच इंच केली तर रुंदी सातच्या जरा वर जाते. ते वरचं कापलं जातं, शिवाय बिनकडेची प्रिंट काढताना मशीन आणखी थोडं खातं. उजवीकडची जेमतेम तीन मिलिमीटर गेली. मनगटाची. एवढ्यानं काय होतंय, असं वाटून मी प्रिंट घेऊन घरी आले.

आता कागद. मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये बायका बारा बाय बाराचे कागद ड्रॉवरमधून काढतात, जसे आपण डब्यातून पापड काढतो. आमच्या इथं दुकानदारानं ए-थ्री काढून दिला आणि म्हणाला, ह्यातून बसतंय की. बसत नाही. ए-थ्रीची रुंदी 297 मिलिमीटर आणि बारा इंच म्हणजे जवळपास 305. आठ मिलिमीटर कमी पडतात. शेवटी चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात गेले. कोल्हापुरात चित्रं शिकणाऱ्या पोरांची कधी वाण नसते, त्यामुळं अशी दुकानं चांगली आहेत. बावीस बाय तीसचा मोठा जाड ड्रॉइंग पेपर घेतला, त्यातून बारा-बाराचे दोन तुकडे निघाले. एक बिघडवायला, एक खरा. कागद ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, आहे ना हे दोनदा विचारलं. रद्दीतला पेपर पिवळा का पडतो, तर त्यात लाकडाचं लिग्निन राहिलेलं असतं. तोच माल फोटोच्या पाठीशी लावला की काही वर्षांनी फोटोवरही डाग येतात. चिकटवायला फोटोंसाठीचा दुहेरी टेप घेतला आणि लिहायला पिगमेंट शाईचा पेन, जो पाण्यानं फुटत नाही आणि उन्हानं उडत नाही. तो खोडताही येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

सजावटीचं सामान आणायला महाद्वार रोडला गेले, तर तिथं दिवाळीची गर्दी. माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी नेईल तिकडं जातो. स्टिकरच्या पाकिटात काय काय होतं सांगू? इंग्रजीत ‘हॅपी दिवाली’, चमकीचे फटाके, हत्ती, मोर आणि (देवाशपथ) बर्फाचे कण. कोल्हापुरात दिवाळीला बर्फ! नाताळचा उरलेला माल असणार. तरी मी सोनेरी कागद, टिकल्या, जरीची लेस असं अडीचशे-तीनशे रुपयांचं सामान उचललंच. बाजारात गेलं की हात थांबत नाही.

रात्री सगळं पसरून बसले आणि पहिल्या, म्हणजे बिघडवायच्या, कागदावर मांडून पाहिलं. अगदी लग्नाच्या हॉलची कमान झाली. सोनेरी रंग इतका ओरडत होता की फोटोतली माणसं मागं सरकल्यासारखी दिसायला लागली. नवरा जेवून उठला, एक नजर टाकून म्हणाला, ‘फोटो कुठाय?’ राग आला, पण खरं होतं.

तेव्हा मी सगळं बाजूला सारलं आणि फोटोतच काय आहे ते बघत बसले. गेरू, पोपटी, झेंडूचा पिवळा. बस, तीन रंग. बाहेरून एकही आणायचा नाही. आणि वस्तूही फोटोतल्याच: माती, ठिपक्यांची रांगोळी, कंदिलाचा कागद. आमचा कंदील वडील घरीच करायचे. बुरूड गल्लीतून कामट्या, खळ आणि लाल-पिवळा जिलेटीन. यातलं जेवढं जमेल तेवढं.

पार्श्वभूमीला खरा गेरूच लावायची हौस आली. पाण्यात कालवून ब्रश फिरवला आणि सकाळी कागद पापडासारखा वाकलेला. शिवाय बोट लावलं की बोट तांबडं. गेरू ही नुसती माती, तिला धरून ठेवायला काहीतरी लागतं. भिंतीवर आजी त्यात काय घालायची ते विचारायला आजी नाही. दुसऱ्या खेपेला मी वाटीत थोडा डिंक भिजवून त्यात गेरू कालवला, कागद आधी चारही कडांनी पाटावर टेपनं ताणून बसवला आणि मग रंगवला. वाळेपर्यंत सोडवला नाही. सपाट राहिला. पण अख्खा कागद नाही रंगवला, फक्त एक उभा रुंद पट्टा, डावीकडं. फोटोला गेरू लागू द्यायचा नव्हता. त्या पट्ट्यावर पांढऱ्या जेल पेननं ठिपके देऊन रांगोळी काढली, तेरा ते सात ठिपक्यांची. दोनदा चुकली. रांगोळी मोडली तर अंगणात पायानं पुसता येते, इथं तसं काही नाही.

खरी रांगोळी शिंपडून बघण्याचा अडाणीपणाही मी केला. ती दगडाची पूड, प्रिंटवर ओरखडे उठले. दुसरी प्रिंट काढावी लागली. तीही तशीच, उजवीकडं कापलेली.

पांढऱ्या डागाचं काय करायचं हा माझा आवडता भाग. स्टुडिओतल्या पोरानं शेजारची माती उचलून तिथं भरून दिली होती, ते मी परत काढायला लावलं. डाग किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. मी तपकिरी कागदाचे तीन तुकडे घेतले, हातानंच फाडले, कात्रीनं नाही. फाडला की कागदाला पांढरट, खरबरीत कड येते. एकावर एक सरकवून लावले तर डोंगराच्या धारा दिसायला लागल्या. डाग त्यांच्याखाली गेला आणि फोटोतला किल्ला पानावर खाली उतरला. तो किल्ला पन्हाळा होता की विशाळगड, यावर भावाशी फोनवर तंटा होण्याची शक्यता गृहीत धरून मी त्यावर नाव घातलं नाही. त्या वर्षी तो अडीच वर्षांचा होता, पण मतं तेव्हापासूनच आहेत.

वरच्या कोपऱ्यात लाल जिलेटीनचा छोटा कंदील, त्याच्या झिरमिळ्या खाली गेरूच्या पट्ट्यावर. झेंडूच्या पाकळ्या आठ दिवस टेलिफोन डिरेक्टरीत दाबल्या होत्या, त्या काळ्या पडल्या. पिवळ्या कागदाची फुलं केली. चाललं.

राहिला तो हात. फोटो मी मधोमध ठेवला नव्हता. जरा वर आणि उजवीकडं ठेवला होता, असं की फोटोची उजवी कड आणि पानाची कड यांच्यात दीड इंच जागा राहील. हात जिथं कापला गेला होता, तिथून तो पुढं पानावर न्यावा असं डोक्यात आलं. एक फिकट पेन्सिलीची रेघ, दंड, आणि त्यावर पदर. कापडाचा खराखुरा तुकडा. आईला विचारलं, हा हात कुणाचा?

‘धाकटीचा. दुसऱ्या कुणाचा असणार?’

धाकटी म्हणजे माझी काकी. फोटो काकांनी काढला होता, त्यामुळं ते त्यात नाहीत. ताटली काकीनं आणून दिली असणार आणि नेमकं तेव्हाच काकांनी बटण दाबलं. सगळं जुळत होतं. काकी आता राजारामपुरीत असते. 1998 मध्ये वाड्याची वाटणी झाली, आणि वाटणीत जे जे होतं ते सगळं झालं. आई आणि काकी लग्नात-मर्तिकात भेटतात, ‘बरं आहे का’ म्हणतात. काका गेले तेव्हा आई तेरा दिवस जाऊन बसत होती, पण नंतर पुन्हा तेच. आणि तरीही त्या फोटोतून तो हात कापून टाकावा असं आईला कधी वाटलं नाही, उलट ‘काढू का’ विचारल्याचं सांगितल्यावर ती स्टुडिओतल्या पोराला चार शब्द ऐकवून मोकळी झाली. मला ते फार आवडलं. मी आईच्या जुन्या इरकलीचा तुकडा कापून पदर केला, हाताला जोडला. खाली आईकडून नावं लिहून घेतली.

आईचं अक्षर मला हवंच होतं. छापील अक्षरं कितीही देखणी असली तरी ती कुणाची नसतात. वयामुळं आईचा हात थरथरतो. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तीनदा सराव केला, चष्मा पुसला आणि पिगमेंट पेननं एकेक नाव लिहिलं. डावीकडून उजवीकडं, आठ नावं. शेवटी मला न विचारता तिनं लिहिलं, ‘आणि हा धाकटीचा हात.’

पान झालं होतं. मला वाटलं, भावाला द्यायच्या आधी हे काकीला दाखवावं. खरं सांगायचं तर मला थोडा मोठेपणाही हवा होता. तीस वर्षांचं भांडण कात्री-टेपनं मिटवणारी पुतणी वगैरे.

काकीनं दार उघडलं, ‘ये की गं’ म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत चिवड्याची बशी पुढं केली. मी पान पिशवीतून काढलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. आजीला बोटानं शिवून बघितलं. भावाच्या टोचलेल्या कानांवर हसली. मग हाताशी येऊन थांबली.

‘हे काय लिवलंय?’

‘तुमचा हात, काकी.’

‘माझा?’ तिनं पान उजेडाला धरलं. ‘न्हाई बाई. मी कुठनं येऊ तिथं? मी मागं परसात बंबापुढं होतो. सतरा माणसांचं पाणी कोण तापवणार? फोटो काढून झाल्यावर तुझ्या काकांनी हाक मारली, तवर सगळी पांगली होती.’

काकी कोल्हापूरची लेक, ती ‘होतो’, ‘गेलो’च म्हणते. पण त्या क्षणी ते वाक्य मला वेगळंच लागलं. म्हणजे फोटो काढणारे काका फोटोत नाहीत आणि काकीही नाही. तिच्या घरातलं कुणीच नाही.

‘आणि ही साडी कुणाची? इरकल तुझ्या आईला. मला त्या वेळी कुठली इरकल?’

मी म्हटलं, मग ताटली कोण देतंय?

काकीनं माझ्या हातातली चिवड्याची बशी काढून घेतली. ‘हे बघ. मी तुला दिली तर कशी धरतो?’ तिचा अंगठा बशीच्या काठावर, वरून. ‘आता तू घे.’ मी हात पुढं केला. माझा तळवा आपोआप बशीखाली गेला. ‘बघितलंस? फोटोत बघ आता.’

फोटोत आईचा अंगठा ताटलीच्या काठावर होता. त्या हाताचा तळवा खाली होता.

‘ती देत न्हाई, येडे. ती घ्यायलीया. देतीय तुझी आई.’

अडतीस-एकोणचाळीस वर्षं आम्ही सगळ्यांनी तो हात उलटा वाचला होता. मी तर त्याला पदर लावला होता.

‘मूळ फोटो कुठाय?’ काकीनं विचारलं. तो पिशवीत होता, बटर पेपरमध्ये. तिनं देव्हाऱ्यातल्या पोथीजवळचं भिंग आणलं. मूळ फोटोत उजवी कड पूर्ण होती, प्रिंटमध्ये गेलेली ती तीन मिलिमीटरही. बांगड्यांच्या मागं, अगदी कडेला, मनगटावर हिरवट ठिपके. गोंदण. तुळशीसारखं काहीतरी, अर्धं.

‘माझ्या हातावर गोंदण हाय का?’ काकीनं दोन्ही हात पुढं केले. नव्हतं. ‘दूध घालायला यायच्या त्या मावशी. गवळी गल्लीतनं यायच्या. सणाला रतीब घेऊन पहाटेच यायच्या आणि तुझी आई त्यांना फराळ दिल्याशिवाय सोडायची न्हाई.’

‘त्यांचं नाव काय होतं?’

काकीनं डोळे मिटून आठवून बघितलं. ‘मावशीच म्हणायचो की सगळी.’

घरी येऊन आईला सांगितलं. आधी तिनं मानलं नाही. मग मीही बशी घेऊन काकीचा प्रयोग करून दाखवला. आई स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिली. ‘व्हय की,’ म्हणाली, ‘मीच दिली असणार.’ आणि थोड्या वेळानं, ‘धाकटीनं चहा दिला का तुला?’ तिलाही नाव आठवलं नाही. वाड्यात दहा-बारा वर्षं दूध आलं, भाव आठवतो, मापट्याचा आवाज आठवतो, म्हशीला रेडकू झालं की खरवसाचा चीक यायचा तो आठवतो.

पानाची दुरुस्ती करायला दोन संध्याकाळी लागल्या. स्टुडिओत जाऊन तिसरी प्रिंट काढली, या वेळी पाच बाय सातचा हट्ट सोडला. सहा बाय आठच्या कागदावर चारही बाजूंनी पांढरी कड ठेवून फोटो पूर्ण छापायला सांगितला आणि कड मी घरी पट्टीनं कापली. गोंदण आलं. पोरगा म्हणाला, ‘त्या हातासाठी एवढं?’ इरकलीचा तुकडा टेपसकट अलगद सोडवला, तरी कागदाचा एक पापुद्रा गेलाच. तिथं आता काहीच नाही लावलं. हात आहे तिथंच कापलेला राहू दिला.

आईनं लिहिलेल्या ओळीचं काय करायचं? वरून कागद चिकटवता आला असता. आईला म्हटलं, पुन्हा सगळं लिहशील का? ती म्हणाली, माझ्यानं आता होत नाही, आणि खोट्यावर कागद तरी कशाला डकवायचा. तिनं पेन घेतला आणि ‘धाकटीचा’ या शब्दावर एकच आडवी रेघ मारली, सरळ नाही आली. खाली लिहिलं, ‘दुधाच्या मावशींचा.’ त्याच्यापुढं मी पेन्सिलीनं एक छोटी ओळ आखून रिकामी ठेवली. आणि सगळ्यात शेवटी, कंदिलाच्या झिरमिळ्यांपाशी जागा होती तिथं, आईनं स्वतःहून आणखी एक ओळ घातली: ‘धाकटी बंबापुढं. फोटो भाऊजींनी काढला.’ त्यामुळं कंदील थोडा वर सरकवावा लागला. पानाचा तोल गेला जरा. उजवीकडं आता फार अक्षरं झाली आहेत, व्हिडिओवाल्या बायका नाकं मुरडतील.

फ्रेमवाल्याला सांगून काच आणि पान यांच्यात माउंटची जाड पट्टी घालून घेतली आहे, म्हणजे फोटो काचेला चिकटायचा नाही. फक्त मागची पाठ अजून बंद केलेली नाही. काकीनं फोन केला होता. आईच्या फोनवर, माझ्या नाही. पाडव्याला म्हशी सजवून, शिंगं रंगवून रस्त्यावर आणतात, तेव्हा गवळ्यांची जुनी-जाणती सगळी माणसं एका जागी सापडतात. त्या गर्दीत कोण ना कोण मावशींना ओळखेल असं तिचं म्हणणं. सकाळी आठला आईला घेऊन यायला सांगितलंय.

‘आणि तो मूळचा फोटो आण,’ ती मला निरोप ठेवून म्हणाली, ‘कापलेला नको.’